डोक्यावर घेतलेली आणि मागे पडलेली गाणी : पर्पल, फ्लॉइड, झेपलिन आणि थोडं क्वीन

प्रश्न असा आहे : आवडत्या रॉक बँडची कुठली गाणी आणि अल्बम लायकीपेक्षा जास्त डोक्यावर घेतले गेले, कुठले हकनाक मागे पडले, आणि हे ठरवायला काही कसोटी आहे का, की ज्याची त्याची आवड म्हणून सोडून द्यायचं?

आवड असतेच. पण आवडीच्या खाली तपासून बघता येईल असं बरंच काही असतं. गाण्याची बांधणी कशी आहे, कोण काय वाजवतंय, ध्वनिमुद्रण कसं झालं, आणि त्याच बँडनं त्याच सुमारास आणखी काय केलं, हे सगळं ऐकून ठरवता येतं. माझ्या मते कसोटी एकच धरावी : गाण्याची तुलना त्याच बँडच्या बाकीच्या कामाशी करायची. डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ आणि लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ शेजारी ठेवून काही हाती लागत नाही. तेच ‘स्मोक’ला ‘मशीन हेड’ या त्याच्याच अल्बममधल्या उरलेल्या सहा गाण्यांशेजारी ठेवा, चित्र लगेच साफ होतं.

दुसरी गोष्ट, ‘ओव्हररेटेड’ म्हणजे वाईट नव्हे. एखादं गाणं चांगलं असतं, पण त्याच्या प्रसिद्धीमुळे त्याच्याहून सरस गाणी झाकली जातात. आणि ही प्रसिद्धी बहुतेक वेळा संगीताबाहेरच्या कारणांनी येते. रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा, नवशिक्याला तासाभरात जमतो, गाणं रेडिओच्या वेळेत बसतं, ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या संग्रहात त्याला जागा मिळते. ज्या गाण्याला यातलं एकही दार उघडं नव्हतं, ते मागे पडलं.

डीप पर्पलपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्या बाबतीत हे फार स्वच्छ दिसतं. ‘मशीन हेड’ डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथं ध्वनिमुद्रित झाला. ज्या कॅसिनोत काम करायचं होतं तो 4 डिसेंबरला फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात आग लागून जळाला. मग हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं आणि रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा फिरता स्टुडिओ, म्हणजे एक ट्रक, बाहेर उभा करून काम झालं. अल्बममध्ये गाणी सात. पहिलं सिंगल (अल्बममधून सुटं काढलेलं गाणं) म्हणून बँडनं निवडलं ‘नेव्हर बिफोर’. ते फारसं चाललं नाही आणि आज कुणाला आठवतही नाही. ‘स्मोक’ अमेरिकेत सिंगल म्हणून आलं ते थेट 1973 मध्ये. आपलं कुठलं गाणं लोकांना लागेल हे खुद्द बँडलाही कळलं नव्हतं.

‘स्मोक’चा रिफ थोर आहे यात शंका नाही, फक्त तो निम्म्याहून जास्त लोक चुकीचा वाजवतात. पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर तो पॉवर कॉर्डनं वाजवत नाही. पॉवर कॉर्डमध्ये षड्ज-पंचमाचं अंतर असतं. इथं शेजारच्या दोन तारांवर षड्ज-मध्यमाचं अंतर आहे आणि मुख्य स्वर वर आहे. शिवाय पिकनं, म्हणजे तार छेडायच्या चकतीनं, वरून खाली फटका मारला की दोन तारा किंचित मागेपुढे वाजतात. ब्लॅकमोर दोन बोटांनी दोन्ही तारा एकदम खेचतो, म्हणून प्रत्येक सूर एकसंध उमटतो. पिक, पंचम आणि वरून भरपूर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणं) या तीन गोष्टी एकत्र आल्या की आवाजाचा चिखल होतो आणि ‘यात काय एवढं’ असं वाटायला लागतं. जॉन लॉर्ड तोच रिफ हॅमंड ऑर्गनवर धरतो, आणि ऑर्गन मार्शलच्या गिटार अँपमधून (ध्वनिवर्धकातून) काढल्यामुळे तो दुसऱ्या गिटारसारखा खरखरतो. एकेक वाद्य आत येत जातं ती पहिली मिनिटभराची चढण हेच या गाण्याचं वैभव. पुढे कडवी सरळ आहेत, सोलो नीटनेटका आहे, इतकंच. म्हणून हे गाणं ओव्हररेटेड म्हणतो : सुरुवात दहापैकी दहा, बाकी सात.

त्याच अल्बममधलं ‘पिक्चर्स ऑफ होम’ ऐका. इयन पेस एकट्याच्या ड्रम्सनं दार उघडतो, आणि रॉजर ग्लोव्हर चक्क बास गिटारवर सोलो घेतो, जे पर्पलमध्ये विरळा. पाचही माणसं एकाच गाण्यात पूर्ण ताकदीनं ऐकायला मिळतात असं ‘मशीन हेड’वर हेच गाणं आहे, ‘हायवे स्टार’सुद्धा नाही. आणि याच मुक्कामात ध्वनिमुद्रित झालेलं ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ तर अल्बममधून वगळलंच. ते ‘नेव्हर बिफोर’च्या मागच्या बाजूला गेलं आणि 1997 च्या रौप्यमहोत्सवी आवृत्तीत मूळ अल्बमसोबत पहिल्यांदा जोडलं गेलं. साडेतीन मिनिटांचं संथ गाणं. गायक इयन गिलन यात किंचाळत नाही, ब्लॅकमोर घाई करत नाही. ब्लॅकमोरला ते आवडत नव्हतं म्हणून ते बाहेर राहिलं. पर्पलच्या सगळ्या दुर्लक्षित गाण्यांत मी याला पहिलं ठेवीन.

‘चाइल्ड इन टाइम’चा मुंबईशी नावापुरता का होईना संबंध आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडचं ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाचं वाद्यगीत 1969 मध्ये आलं. त्याचीच धून पर्पलनं लय उतरवून ऑर्गनवर घेतली आणि 1970 च्या ‘इन रॉक’मध्ये दहा मिनिटांचं गाणं उभं केलं. दोन्ही पाठोपाठ ऐकली की नुसती लय बदलल्यानं धुनेचा स्वभाव कसा पालटतो ते कळतं. हे गाणं गाजलं ते योग्यच. मात्र लोक बहुतेक वेळा ‘मेड इन जपान’वरची आवृत्ती डोक्यात ठेवून बोलतात. ती ऑगस्ट 1972 ची, ओसाका आणि टोकियोच्या कार्यक्रमांतून निवडलेल्या ध्वनिमुद्रणांतली. जिवंत कार्यक्रमाचा अल्बम म्हणून त्याचं जेवढं कौतुक होतं तेवढं कमीच.

‘फायरबॉल’ (1971) मात्र ‘इन रॉक’ आणि ‘मशीन हेड’ यांच्यामध्ये चिरडला गेला. शीर्षकगीताच्या सुरुवातीला जो झोताचा आवाज येतो तो वातानुकूलन यंत्र सुरू केल्याचा आहे, आणि पेसनं त्यात दोन बास ड्रम वापरलेत. पण अल्बमचं खरं धन ‘फूल्स’मध्ये आहे. मधल्या भागात ब्लॅकमोर सूर छेडतो तेव्हा गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर असतो आणि मग करंगळीनं बटण फिरवून तो आवाज वर आणतो. तार छेडल्याचा टणत्कार गायब होतो आणि गिटार चेलोसारखी गाते. घरी करून बघणार असाल तर व्हॉल्यूमचं बटण करंगळीच्या टप्प्यात असलेली गिटार लागते. स्ट्रॅटोकास्टर जातीच्या गिटारवर ते सहज जमतं, लेस पॉल जातीच्या गिटारवर हात ताणावा लागतो. विकत घेताना एक पाहा : ब्रिटिश आवृत्तीत ‘डेमन्स आय’ आहे, अमेरिकन आवृत्तीत त्याच्या जागी ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’.

आता पिंक फ्लॉइड. इथं जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण फ्लॉइड म्हटलं की चारच अल्बमांची नावं निघतात आणि त्या चारांतही गोंधळ आहे.

‘द डार्क साइड ऑफ द मून’ (1973) ओव्हररेटेड आहे असं म्हणायची एक फॅशन आहे. मला ते पटत नाही. ‘मनी’ला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा फक्त त्याचा सोलो ऐकावा. गाणं सात मात्रांत चालतं. सोलो आला की ठेका चारावर येतो, म्हणून एकदम पाठीमागून वारा लागल्यासारखं वाटतं. गिटारवादक डेव्हिड गिलमोर तीन आवर्तनं घेतो. पहिल्यात गिटार भरगच्च, दुहेरी केलेली. दुसऱ्यात सगळा प्रतिध्वनी काढून टाकलाय, गिटार कोरडी आणि अगदी कानाशी, मागे मोजकीच वाद्यं. तिसऱ्यात पुन्हा सगळं उसळून वर. सूर थांबवून नव्हे, खोली आकुंचून आणि पुन्हा मोठी करून केलेला हा नाट्यबदल आहे. सुरुवातीचे नाण्यांचे आणि गल्ल्याच्या यंत्राचे आवाज टेपचे सारख्या लांबीचे तुकडे कापून, चिकटवून, त्याची गोल माळ करून वाजवलेत. तुकड्याची लांबी चुकली तर ठेका चुकणार, म्हणून ते मोजपट्टीचं काम होतं.

‘अनदर ब्रिक इन द वॉल, भाग 2’ हे मात्र माझ्या मते फ्लॉइडचं सर्वांत ओव्हररेटेड गाणं. मूळ तुकडा एका कडव्याचा, जेमतेम सव्वा मिनिटाचा होता. निर्माता बॉब एझरिन यानं डिस्कोचा ठेका सुचवला, मग त्याच वाजवलेल्या भागाची नक्कल पुढे जोडून गाणं लांबवलं आणि दुसऱ्या कडव्यावर लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांचा कोरस घेतला. मुलांच्या आवाजानं गाणं तरलं हे खरं. पण त्याच्या आधीचं ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ काढून टाकलं की हे गाणं मधूनच सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि बहुतेकांनी ते तसंच ऐकलेलं असतं. हेलिकॉप्टर, धमकावणारी कडवी, ती किंकाळी आणि मग ठेका, असा तो एकच ओघ आहे. प्लेलिस्टमध्ये टाकायचंच असेल तर दोन्ही जोडून टाका. सोलो तेवढा निर्विवाद : पी-90 पिकअपची (तारेचं कंपन पकडणारा भाग) 1955 ची सोनेरी लेस पॉल आधी थेट मिक्सिंग डेस्कमध्ये घेतली आणि नंतर तेच ध्वनिमुद्रण अँपमधून काढून मूळ आवाजात मिसळलं. म्हणून सूर एकाच वेळी काचेसारखा स्वच्छ आणि जाड ऐकू येतो. नुसत्या अँपवर हा आवाज शोधत बसलात तर सापडणार नाही.

अख्खा ‘द वॉल’ (1979) म्हणाल, तर 26 तुकडे आणि सुमारे 81 मिनिटं. त्यात तिसरी बाजू, म्हणजे ‘हे यू’पासून ‘कम्फर्टेबली नम’पर्यंत, निर्दोष आहे. चौथी बाजू ‘रन लाइक हेल’ सोडल्यास नाटकाच्या संहितेसारखी चालते. रंगमंचाशिवाय ती उभी राहत नाही. अल्बमचं नाव मोठं आहे, पण सलग चारही बाजू आनंदानं ऐकणारे कमी आहेत, आणि त्याचं कारण ही चौथी बाजू.

‘हे यू’वर ‘द वॉल’च्या सिनेमात कात्री चालली. छापलेल्या गीतांच्या पानावर ते तिसऱ्या बाजूच्या शेवटी होतं, ऐन वेळी पहिलं आलं. गिटार वाजवणाऱ्यांना ते जमत नाही याचं कारण तारांत आहे. नेहमीच्या तारा लावून कितीही नेमकं वाजवा, तो चमचमणारा आवाज येत नाही. इथं ‘नॅशव्हिल’ पद्धतीनं खालच्या जाड तारा काढून एक सप्तक वरच्या पातळ तारा लावल्यात, आणि सहावी तर सरळ पहिल्या तारेसारखीच, म्हणजे नेहमीपेक्षा दोन सप्तकं वर. बारा तारांच्या गिटारचा एक संच आणा, त्यातल्या पातळ जोडतारा वापरा आणि सहाव्या जागी पहिल्या तारेचीच जाडी लावा. दोन अडचणी येतील. नटची (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच जाड तारेसाठी कापलेली असते, त्यात पातळ तार सैल बसून झणझणते. आणि तिसऱ्या जागेची तार फार ताणली जाते, ती चढवताना हमखास तुटते, म्हणून जास्तीची आणून ठेवा. हे सगळं एखाद्या जुन्या, दुय्यम गिटारवर करावं. रोजच्या गिटारवर तारा अदलाबदल करत बसू नये. याच गाण्यातला फ्रेटविरहित (मानेवर आडव्या पट्ट्या नसलेला) बासही गिलमोरनंच वाजवलाय.

‘अॅनिमल्स’ (1977) हा माझ्या लेखी फ्लॉइडचा सर्वांत अन्याय झालेला अल्बम. आधी ‘विश यू वर हिअर’, नंतर ‘द वॉल’, आणि मध्ये हा. तीन गाणी दहा ते सतरा मिनिटांची, म्हणजे सिंगल काढायची सोयच नाही. वर मुखपृष्ठाच्या चित्रणात बॅटरसी वीजकेंद्रावरून फुगवलेलं डुक्कर सुटून उडालं, आणि लोक अल्बमपेक्षा त्या डुकराबद्दलच जास्त बोलतात. ‘डॉग्ज’ 1974 पासून वेगळ्या नावानं मंचावर वाजत होतं, म्हणून त्यात कुठं सांधा दिसत नाही. वाजवायचं असेल तर सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवा; तसं न करता कॉर्ड बदलून वाजवलं तर मोकळ्या तारांची गुंज जाते. मधोमध, आठव्या मिनिटानंतर, एका शब्दाचा प्रतिध्वनी फिरत राहतो, फिरता फिरता माणसाचा आवाज उरत नाही, आणि त्यात व्होकोडरमधून (आवाजाला यांत्रिक रूप देणाऱ्या यंत्रातून) काढलेलं कुत्र्यांचं भुंकणं मिसळतं. ‘शीप’मध्ये याच युक्तीचं आणखी बारीक रूप आहे : बासवादक-गायक रॉजर वॉटर्स ओळीचा शेवटचा स्वर लांबवतो आणि तो स्वर न तुटता सिंथेसायझरचा होतो. नेमका कुठल्या क्षणी माणूस संपून यंत्र सुरू होतं ते हेडफोनवरही पकडता येत नाही. सुरुवातीचा रिचर्ड राइटचा इलेक्ट्रिक पियानो इतका सुंदर आहे, आणि या अल्बमवर गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं नाव एकाही गाण्याला नाही.

मूळ मिक्स (सगळ्या वाद्यांच्या आवाजाची जुळणी) जरा बंदिस्त, कोरडा वाटतो हे मान्य. 2018 मध्ये केलेला नवा मिक्स 2022 मध्ये बाहेर आला. त्यात बास आणि ड्रम्स मोकळे झालेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी तोच घ्यावा.

‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ (1972) अनेकांनी ऐकलेलाच नसतो, कारण तो सिनेमाचा अल्बम म्हणून बाजूला पडला. बार्बे श्रोएडर यांच्या फ्रेंच चित्रपटासाठी पॅरिसजवळच्या शातो देरूव्हिल स्टुडिओत, ‘डार्क साइड’चं काम मध्येच थांबवून, जेमतेम दोन आठवड्यांच्या कामात तो उरकला. वेळ नव्हता म्हणून गाणी छोटी, थेट आणि पसारा नसलेली झाली. ‘वॉट्स... अ द डील’ ही फ्लॉइडची सर्वांत मायाळू चाल असेल. गिलमोरनं 2006 च्या दौऱ्यात ती पुन्हा गायली. ‘फ्री फोर’मध्ये ठेका उड्या मारतो आणि शब्द मरणाबद्दल आहेत, त्यात वॉटर्सच्या युद्धात गेलेल्या वडिलांचा विषय येतो. ‘चाइल्डहूड्स एंड’ ऐकताना ‘टाइम’ची तालीम चालू आहे असं वाटतं. ‘डार्क साइड’ आवडतो आणि हा ऐकला नाही, असं म्हणणाऱ्यानं आज रात्रीच ऐकावा.

‘अॅटम हार्ट मदर’ (1970) चं उलटं. गायीचं मुखपृष्ठ आणि पहिल्या बाजूची तेवीस मिनिटांची ऑर्केस्ट्रा-रचना यांचा दबदबा फार, पण ती रचना डळमळते. कारण तांत्रिक आहे. एक इंची टेप नवी होती आणि ती कापायला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं मनाई केली होती, त्यामुळे निक मेसन आणि वॉटर्स यांना ड्रम्स-बासचा सगळा पाया एका दमात वाजवावा लागला. लय जिथं सरकली तिथं सरकलेलीच राहिली आणि नंतर ब्रास व कोरसला तिच्यामागे धावावं लागलं. खरा ऐवज दुसऱ्या बाजूला आहे. राइटचं ‘समर 68’ हळू सुरू होतं आणि ब्रासच्या गजरात फुटतं. त्याच्याच पाठोपाठ गिलमोरचं ‘फॅट ओल्ड सन’. रेकॉर्ड उलटी करून आधी दुसरी बाजू ऐका.

‘मेडल’ (1971) आता पुरेसा मान्य झालाय, त्यामुळे ‘एकोज’ची वकिली करायची गरज नाही. फक्त एक सांगतो : मधल्या भागातल्या पक्ष्यांसारख्या किंकाळ्या वाह-वाह पेडलच्या (पायानं दाबून गिटारचा आवाज बदलायच्या साधनाच्या) आहेत. पेडलच्या आत जायची आणि बाहेर यायची वायर उलट लावली की तो स्वतःच शिट्ट्या मारायला लागतो आणि गिटारच्या बटणांनी त्या वरखाली करता येतात. हे सगळ्या पेडलवर होत नाही, जुन्या धाटणीचं सर्किट असलेल्यावर होतं. आणि ‘फिअरलेस’ दुर्लक्षित आहे ते अजूनही आहेच.

लेड झेपलिनबद्दल बोलायचं तर ‘स्टेअरवे टू हेवन’ टाळता येत नाही. आठ मिनिटांत लय हळूहळू चढत नेणं, जॉन पॉल जोन्सच्या बासऱ्या, ड्रम्सना निम्म्या गाण्यापर्यंत रोखून धरणं, सगळं मान्य. पण चौथ्या अल्बमवरच शेवटी ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ आहे, आणि ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात त्याचं वजन जास्त आहे. हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात जॉन बॉनमचा ड्रम संच मांडला आणि वरच्या मजल्यावरून बायरडायनॅमिकचे एम 160 जातीचे फक्त दोन माइक लोंबकळत सोडले. बास ड्रमजवळ माइकच नाही. तो आवाज बिन्सनच्या इको यंत्रातून आणि कॉम्प्रेसरमधून (मोठा-लहान आवाज एका पातळीवर आणणाऱ्या यंत्रातून) काढला, शिवाय टेपची गती उतरवली. आज त्याची नक्कल करताना लोक भरमसाट रिव्हर्ब (आवाज खोलीत घुमल्याचा परिणाम) टाकतात आणि ड्रम्स विहिरीत पडल्यासारखे वाटतात. रिव्हर्ब कमी करा. माइक दूर, कॉम्प्रेसर जोरात, ठोक्याला जोडलेला एक स्वच्छ इको, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वाजवणाऱ्यानं सावकाश वाजवणं. ठोक्यांमध्ये जागा नसेल तर जिन्याचा आवाज ऐकूच येणार नाही.

तिसरा अल्बम (1970) आला तेव्हा ‘हे काय अकूस्टिक घेऊन बसले’ म्हणून समीक्षकांनी झोडपला. आज तो झेपलिनचा सर्वांत श्रीमंत अल्बम वाटतो. ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ हेडफोनवर लावा. सुरुवातीला बॉनमच्या बास ड्रमचं पेडल कुरकुरताना चक्क ऐकू येतं. ते तसंच ठेवलं, कारण तो टेक पुन्हा मिळणार नव्हता. ‘फ्रेंड्स’साठी तारा सी-ए-सी-जी-सी-ई अशा लावाव्या लागतात : सहावी दोन स्वर खाली, चौथी एक स्वर खाली, दुसरी अर्धा स्वर वर, बाकी तीन जागच्या जागी. सहावी इतकी सैल होते की बारीक संचावर ती फ्रेटवर आपटते. तेराचा, म्हणजे जाड तारांचा, संच लावला तर धरते. याच ‘फ्रेंड्स’ची आणि ‘फोर स्टिक्स’ची एक आवृत्ती गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी 1972 मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन केली. ती चार दशकांहून जास्त काळ पेटीत होती, 2015 मध्ये ‘कोडा’च्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आली. बॉनमच्या जागी तबला आणि भोवती तंतुवाद्यं. ‘फ्रेंड्स’ तिथं जास्त शोभतं. ‘फोर स्टिक्स’चा पाच आणि सहाचा आडवा ठेका मात्र वादकांना सहजी पेललेला नाही, ते ऐकू येतं. तरी मुंबईच्या श्रोत्यानं ही दोन गाणी न ऐकणं ठीक नाही.

‘प्रेझेन्स’ (1976) झेपलिनच्या चाहत्यांनाही नकोसा वाटतो. प्लांट मोटार अपघातानंतर चाकांच्या खुर्चीत होता, म्यूनिकच्या स्टुडिओत 18 दिवस मिळाले होते आणि मागून रोलिंग स्टोन्स यायचे होते. कीबोर्ड नाहीत, म्हणून अल्बम एकरंगी वाटतो ही तक्रार खरी. पण ‘अकिलीज लास्ट स्टँड’च्या दहा मिनिटांत पेजनं गिटारवर गिटार रचून जे केलंय ते इतर कुठं नाही. एकदा फक्त डाव्या कानानं, एकदा फक्त उजव्या कानानं ऐका, दोन वेगळी गाणी ऐकू येतील. ‘फॉर युअर लाइफ’ झेपलिननं मंचावर पहिल्यांदा वाजवलं ते थेट 10 डिसेंबर 2007 रोजी, लंडनला झालेल्या बँडच्या पुनर्मीलनाच्या कार्यक्रमात.

‘फिजिकल ग्रॅफिटी’वर सगळे ‘काश्मीर’पाशी थांबतात. ते गाजलं ते रास्तच : गिटार तिनाच्या हिशेबात फिरते, ड्रम्स चाराच्या, आणि दोन्ही ठरावीक अंतरानं समेवर भेटतात, तालाची सवय असलेल्या कानाला हे सांगावं लागत नाही. पण पान उलटलं की लगेच ‘इन द लाइट’ आहे. गजानं वाजवलेल्या गिटारची तंबोऱ्यासारखी आस, त्यावर जोन्सचा सिंथेसायझर हळूहळू सूर चाचपडत येतो. झेपलिननं ते मंचावर कधीच वाजवलं नाही, म्हणून ते मागे राहिलं.

क्वीनबद्दल थोडक्यात. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथंच त्याचा ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड, त्यामुळे आपल्याकडे क्वीनबद्दल आपुलकी आहे. पण ती 1981 च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’पलीकडे फारशी जात नाही. त्या संग्रहात ‘क्वीन टू’ (1974) मधलं एकच गाणं आहे, ‘सेव्हन सीज ऑफ राय’, आणि म्हणून अख्खा अल्बम झाकला गेला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आभाळातून पडलेली नाही. दीड वर्ष आधी ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’मध्ये तेच तंत्र, तेच आवाजांचे थर, जास्त बेबंदपणे वापरलेत. आणि ‘ऱ्हॅप्सडी’च्याच अल्बमवर ‘द प्रॉफेट्स साँग’ आहे, आठ मिनिटांहून मोठं, ज्यात फ्रेडी टेपच्या विलंबाशी स्वतःच्याच आवाजाची जुगलबंदी करतो. याउलट ‘वी विल रॉक यू’ हे मैदानासाठी केलेलं गाणं आहे. तिथं ते बिनतोड, घरी बसून ऐकायला दोन मिनिटांची टाळी.

‘क्वीन टू’ची दुसरी बाजू सलग आहे, गाणी एकमेकांत मिसळतात. म्हणून मोबाइलवर ऐकताना आधी सेटिंग बघा. ‘क्रॉसफेड’ (एक गाणं विरताना त्यावर पुढचं सुरू होणं) बंद आणि ‘गॅपलेस’ (दोन गाण्यांत खंड न पडणं) चालू, नाहीतर जोड तुटतात. ‘डार्क साइड’ आणि ‘द वॉल’लाही हेच लागू. शफल अर्थातच बंद. दोन आवृत्त्यांची तुलना करताना आवाज आधी सारखा करा, कारण एखाद-दोन डेसिबलनं मोठी असलेली आवृत्ती कानाला नेहमी ‘जास्त चांगली’ वाटते आणि बरेच रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाच्या नव्यानं तयार केलेल्या आवृत्त्या) एवढ्याच जोरावर जिंकतात. अॅपमधलं आवाज समान करणारं बटण एकेका गाण्याला न लावता अख्ख्या अल्बमला लावता येत असेल तर तसं लावा, म्हणजे हळू गाणं हळूच राहील. मागे पडलेलं गाणं पहिल्या खेपेला पकडत नाही, कारण गाजलेलं गाणं आपण न ऐकताही शेकडो वेळा ऐकलेलं असतं. त्याला निदान चार खेपा द्या, आणि त्यातली एक फक्त बासच्या मागे जाण्यासाठी ठेवा.